हजेरीपट आणि पुस्तकाचे कपाट

हैदराबाद संस्थानात १३२९ फसली साली, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, हिजड्यांसंबंधी एक कायदा जारी झाला. आणि आपले शहर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, त्याच संस्थानातील एका सुभ्याचे ठाणे असल्यामुळे आजच्या विषयाच्या आरंभी त्या कायद्याची आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. मुले पळविणे आणि तत्सम गुन्ह्यांचा ज्यांच्यावर संशय असेल अशा, हैदराबाद शहरातल्या व सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणच्या हिजड्यांची नावनिशीवार नोंदवही ठेवावी, नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेषात किंवा दागिने घालून रस्त्यात दिसल्यास तिला विना वॉरंट पकडावे, आणि तिच्या घरात सोळा वर्षांखालील मुलगा आढळल्यास तोही गुन्हा समजावा, अशा त्याच्या तरतुदी होत्या. इंग्रजी मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हा कित्ता आधीच घालून दिला होता. पुढे संस्थान गेले, मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. परंतु तेलंगणाच्या कायदेपुस्तकात तो जाबता तसाच पडून राहिला, आणि जुलै २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तेव्हा कुठे त्याचा शेवट झाला.

शासनाच्या दप्तराने ज्यांची पहिली नोंद संशयित म्हणून केली, त्यांची नोंद विद्यार्थी म्हणून करण्याचे काम मात्र न्यायालयाच्या एका निकालाने पुरे होण्यासारखे नाही. ते शाळेच्या दप्तरात, वर्गाच्या हजेरीपटात आणि ग्रंथालयाच्या कपाटात, रोज थोडे थोडे करून व्हावयाचे आहे. आणि ते करण्याचा अखत्यार ज्यांच्या हाती आहे अशा शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी, ग्रंथपालांसाठी व पालकांसाठी हा लेख आहे. या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यात नवे काही सापडणार नाही. ज्यांच्या वर्गात असे मूल आहे, पण आपण नेमके काय करावे हे ज्यांना कोणी सांगितलेले नाही, त्यांच्याशी मला बोलावयाचे आहे.

‘आमच्या शाळेत असे कोणी नाही’ हे वाक्य यावर प्रथम ऐकू येते, आणि म्हणून थोडे आकडे पाहणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेत ‘पुरुष’ व ‘स्त्री’ यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय निवडणाऱ्यांची देशातील संख्या ४,८७,८०३ भरली. महाराष्ट्रात ती ४०,८९१ होती. त्यांच्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते, तर एकंदर देशाचे सुमारे ७३. घरातला कर्ता पुरुष सांगेल ते प्रगणकाने लिहून घ्यावे असा शिरस्ता असल्यामुळे हा आकडा वस्तुस्थितीपेक्षा पुष्कळच कमी असणार, हे उघड आहे. परंतु मला त्या तक्त्यातील एक निराळीच ओळ विचार करण्यासारखी वाटते: त्या वेळी सहा वर्षांपर्यंतची म्हणून ‘इतर’मध्ये नोंदली गेलेली मुले ५४,८५४ होती. ती मुले आज माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत किंवा महाविद्यालयांत असावयास हवीत. ती आपल्या हजेरीपटांत कुठे दिसतात का, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःला एकदा विचारावा. आणि ती दिसत नसतील, तर ती मुळात नव्हतीच असे न मानता, ती कोणत्या इयत्तेपासून दिसेनाशी झाली याचा तपास करावा.

येथे शब्दांचा थोडा खुलासा करून पुढे जाऊ. जन्मतः ज्याला मुलगा म्हटले गेले पण जे मूल स्वतःला मुलगी म्हणून ओळखते, किंवा याच्या उलट, त्यास पारलिंगी म्हणतात. आपण या दोन्हींपैकी कुठल्याही एका घरात पुरते मावत नाही अशी ज्यांची स्वतःविषयीची जाणीव असते, ते अलीकडे स्वतःस नॉनबायनरी म्हणवितात. आणि ज्यांच्या शरीराची रचनाच जन्मतः स्त्री-पुरुष या ठरीव नमुन्यांहून भिन्न असते त्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. शिक्षकाने या व्याख्या जाणाव्यात, पण त्या मुलांना लावीत सुटू नये. नाच आवडणारा प्रत्येक मुलगा किंवा केस आखूड ठेवणारी प्रत्येक मुलगी पारलिंगी नसते, आणि जे मूल खरोखरच तसे आहे ते वर्गातील सर्वांत गप्प मूल असण्याचाही संभव आहे. कोण काय आहे हे शोधून काढणे हे शिक्षकाचे कामच नव्हे. ज्याला जे सांगावयाचे असेल ते सांगण्याइतका विश्वास वाटावा अशी हवा वर्गात ठेवणे, एवढेच त्याचे काम. हा आजार आहे काय, असे पालक विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे, हे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगावे.

आता पुस्तकांकडे वळू; कारण माझ्या मते आरंभ येथूनच व्हावा, आणि नेमकी येथेच एक चूक सर्रास होते. एखाद्या विद्यार्थ्याविषयी असे काही लक्षात आले की सहृदय शिक्षक एखादे पुस्तक मिळवितात आणि मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावून, दार लोटून, ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून हाती देतात. हेतू निर्मळ असतो; पण त्या मुलाला त्यातून दोनच गोष्टी कळतात, आपण ओळखले गेलो ही एक, आणि आपल्याविषयीचे पुस्तक दार लोटून देण्याजोगे असते ही दुसरी. वास्तविक त्या मुलाला स्वतःविषयी पुष्कळ माहिती असते. अज्ञान असते ते त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला, मागून टाळी वाजविणाऱ्याला, आणि पुष्कळदा फळ्यासमोर उभ्या असलेल्यालाही. म्हणून असे पुस्तक त्या एका मुलासाठी नाही, त्याच्या वर्गातल्या उरलेल्या साठांसाठी आहे असे समजून ते आणावे, ठेवावे आणि वाचावे. हे एकदा मनाशी पक्के झाले म्हणजे पुस्तक कोठे ठेवावे, कसे वाचावे, कोणी आधी वाचावे, या पुढच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप सापडू लागतात.

मराठीत वाचण्यासारखे काय आहे? लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयातील ज्या ‘नालसा’ दाव्याचा निकाल १५ एप्रिल २०१४ रोजी लागून प्रत्येकाला आपली लिंगओळख आपणच ठरविण्याचा अधिकार मान्य झाला, त्या दाव्यात त्या हस्तक्षेपक होत्या, हे लक्षात ठेवून हे पुस्तक वाचले म्हणजे एका व्यक्तीची कहाणी कायद्याच्या इतिहासाला कशी जाऊन मिळते ते ध्यानात येते. मात्र त्यात बालपणीच्या लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत. सबब ते शिक्षकांनी व पालकांनी आधी वाचावे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, आठवीच्या वर्गात नव्हे. दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह मराठीच्या प्राध्यापकांनी अवश्य पाहावा, कारण येथे पारलिंगी व्यक्ती दुसऱ्याच्या करुणेचा विषय म्हणून येत नाही, स्वतःच्या वाणीने बोलते. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ व ‘चौंडकं’ या कादंबऱ्यांनी यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींचे जग मराठी वाचकापुढे आणले. २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट त्यांवर आधारलेला आहे. मुलाला जट आली, म्हणून त्याला देवाला सोडले, म्हणून लुगडे नेसविले, हा तेथील क्रम मुलाच्या इच्छेविरुद्धचा आहे. म्हणून वर्गात चर्चा करताना लादलेला वेष आणि स्वतः निवडलेला वेष यांतील भेद विद्यार्थ्यांकडून काढून घेता येतो, आणि तो त्यांना एकदा उमगला म्हणजे अर्धे काम झाले. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टने लैंगिकतेविषयी सरळ मराठीत लिहिलेली माहितीपर पुस्तके काढली. त्यांचा खरा उपयोग शिक्षक-खोलीत आहे.

लहान मुलांसाठी मराठीत फारच थोडे आहे, हे कबूल केले पाहिजे. तुलिका या चेन्नईच्या प्रकाशनसंस्थेने काढलेले कनक शशी यांचे गुठलीचे चित्रपुस्तक मला या दृष्टीने आदर्श वाटते. घरच्यांच्या लेखी मुलगा असलेली, पण स्वतःला परी समजणारी गुठली त्यात आहे; उपदेश नाही, परिभाषा नाही, वाद नाही. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शिक्षकाने चित्रे दाखवीत गोष्ट आपल्या मराठीत सांगितली तरी ती पोहोचते. शिवाय पारलिंगी पात्र असलेले पुस्तक हाती नसले तरी काही अडत नाही. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा दोघेही भाजी निवडताना दाखविले, आणि त्या एका चित्राची वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. तेच चित्र फळ्यावर लावून ‘तुमच्या घरी भाजी कोण निवडते?’ एवढे विचारले तरी सात वर्षांच्या मुलांचा तास भरून निघतो. बायकी काम आणि पुरुषी काम ही भिंत जिथे थोडी खचते तिथून पुढच्या गोष्टींना वाट मिळते.

पुराणांचा आधार घ्यावा काय, असे पुष्कळ शिक्षक विचारतात. शिखंडी आहे, विराटाघरची बृहन्नडा आहे, घारापुरीच्या लेण्यातला अर्धनारीनटेश्वर आहे; विषयाला तोंड फोडण्यासाठी, आणि विशेषतः ‘हे सगळे परदेशातून आले’ असे म्हणणाऱ्या पालकाशी बोलताना, हे दाखले उपयोगी पडतात यात संशय नाही. पण त्यांवरच थांबू नये. लग्नाघरी आशीर्वादासाठी पाया पडावयाचे आणि एरवी शेजारी बसू द्यावयाचे नाही, असा आपल्या समाजाचा या मंडळींशी असलेला जुना व्यवहार आहे, आणि केवळ देवादिकांचे दाखले दिले की वर्गातही तोच व्यवहार सुरू होतो. मुलाला देवत्व नको असते, बाकावर जागा हवी असते.

पुस्तक ठेवावयाचे ते उघड्या कपाटात, चरित्रांत चरित्र म्हणून आणि कवितांत कविता म्हणून. ‘विशेष विषय’ अशी चिठ्ठी लावून वेगळा खण करू नये, कारण त्या खणाशी उभे राहण्याचे धैर्य कोणालाच होणार नाही. देवघेव नोंदवहीत पुस्तकाच्या नावापुढे विद्यार्थ्याचे नाव येते, आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असते, हे ग्रंथपालांनी ध्यानात घ्यावे. काही पुस्तकांना नोंद न करता तेथेच बसून वाचण्याची मुभा ठेवावी, वही मिटलेली असावी, आणि कोणी काय नेले याची वाच्यता ग्रंथपालाने शिक्षकांच्या खोलीत चहा घेतानाही करू नये. शाळेला ग्रंथालय नसेल तर १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये प्रत्येक तालुक्यात आहेत. सभासदाने मागणी नोंदविली तर खरेदीच्या यादीत पुस्तकाचा समावेश होऊ शकतो. औरंगपुऱ्यातले बलवंत वाचनालय असो, की अलीकडे शहरातल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत सुरू झालेली बाल वाचनालये असोत, मागणी करणारा एक वाचक पुढे आला म्हणजे पुरे असते.

वर्गात वाचताना एकच पथ्य कसोशीने पाळावे: आपल्यात असे कोण आहे, ही पृच्छा शब्दाने वा नजरेने होऊ नये. एक पान मोठ्याने वाचावे आणि त्या पानातील शिक्षक कसे वागले, मित्र कसे वागले, आपण त्या जागी असतो तर काय केले असते, असे प्रश्न विचारावेत. म्हणजे चर्चेचा रोख त्या एका पात्राच्या देहावर न राहता भोवतालच्यांच्या वर्तनावर येतो. वर्गातील पारलिंगी विद्यार्थ्याला ‘तू सांग बरे’ म्हणून उभे करणे हा तर अन्यायच आहे. ‘बायल्या’, ‘छक्का’ असले शब्द आणि ती टाळी यांना वर्गात थारा नाही, हे वर्षारंभीच इतर नियमांबरोबर सांगून टाकावे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई आहे, आणि तो छळ शिक्षकाच्या विनोदातून झाला तरी छळच ठरतो. स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाला साडी नेसवून, त्याला लचकत चालावयास लावून हशा मिळविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. प्रेक्षकांत बसलेले एक मूल त्या हशाचा अर्थ काय लावीत असेल, याचा विचार नाट्यछटा निवडणाऱ्यांनी करावा.

वरून परिपत्रक आल्याखेरीज असे काही करता येणार नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात, त्यांना एक हकीकत सांगण्यासारखी आहे. २०२१ साली एनसीईआरटीने शालेय शिक्षणात पारलिंगी मुलांना सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण-पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यावर आक्षेप आले आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. एका पुस्तिकेच्या येण्याजाण्यावर आपला वर्ग अवलंबून ठेवू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा. कायदा तर स्पष्टच आहे: पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी २०१९ साली झालेल्या आणि १० जानेवारी २०२० पासून अंमलात आलेल्या कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे, शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने या विद्यार्थ्यांना भेदभाव न करता इतरांच्या बरोबरीने शिक्षण, खेळ व करमणुकीची संधी दिली पाहिजे, त्याच कायद्याने प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमणेही आवश्यक केले आहे. तुमच्या शाळेत तो कोण आहे, हे कारकुनाला विचारून पाहा. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलींबरोबर पारलिंगी मुलांसाठीही एका समावेशन निधीची तरतूद सांगितली आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आपले तृतीयपंथी धोरण मंजूर केले आहे. आधार हवा असेल त्याला तो भरपूर आहे.

आता हजेरी. आपल्याकडील हजेरीपटात आधी मुलगे आणि मग मुली अशी मांडणी असते, आणि रोज सकाळी सर्वांसमोर नाव पुकारले जाते. जे मूल त्या नावाला ‘हजर’ म्हणताना दररोज कसनुसे होते, त्याची शाळा पहिल्या तासापूर्वीच नासते. यावर उपाय सोपे आहेत. वर्णानुक्रमे नावे लावावीत, संख्येचा तक्ता शेवटी निराळा करावा. क्रमांकाने किंवा आडनावाने हजेरी घ्यावी. आणि विद्यार्थ्याने विश्वासाने वेगळे नाव सांगितले असेल तर ते वर्गात वापरावे की नाही, कोणापुढे वापरावे, घरी ठाऊक आहे काय, हे त्यालाच एकांतात विचारून घ्यावे. क्रियापदांची अडचण मराठीत विशेष आहे, कारण ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांतून सुटका नाही. पण ‘तुम्ही आलात का’ यात लिंग उघड होत नाही, आज्ञार्थातल्या ‘सांग पाहू’मध्ये नाही, भविष्यातल्या ‘सांगशील का’मध्येही नाही, थोड्या सरावाने शिक्षकाला सबंध तास निभावून नेता येतो. कोल्हापूरकडे मुली सर्रास ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यावाचून तेथील व्याकरण बुडालेले नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ज्याने किंवा जिने आपल्यासाठी एखादे रूप स्वतः निवडले असेल, तेथे अर्थातच तेच वापरावे.

प्रार्थनेच्या रांगा उंचीप्रमाणे लावाव्यात. खेळाच्या तासाला गट पाडताना मुलगे विरुद्ध मुली हा सोपा मार्ग सोडावा. गणवेशात निवडीस जागा ठेवावी. सलवार-कुर्ता किंवा पँट-शर्ट यांपैकी जे ज्याला सोईचे वाटेल ते त्याने घालावे, एवढा ठराव शाळा व्यवस्थापन समितीला करता येतो. शौचालयाचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच न पिणारी मुले असतात, आणि त्याचे परिणाम मूत्रपिंडापर्यंत जातात. एकट्याने वापरावयाचे, आतून कडी लागणारे एक शौचालय पुरे आहे. दिव्यांगांसाठी बांधलेले असे शौचालय पुष्कळ शाळांत असते, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली कार्यालयात. ते कुलूप काढून टाकावे, आणि ते शौचालय कोणालाही वापरता येईल असे जाहीर करावे, म्हणजे ते वापरणाऱ्याकडे कोणी बोट दाखविणार नाही.

पालकांशी बोलण्याचा प्रसंग सर्वांत नाजूक. विद्यार्थ्याने शिक्षकाला काही सांगितले म्हणजे ते ताबडतोब घरी कळविणे हे कर्तव्य आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती मला मान्य नाही. घरी कळल्यामुळे मार खाल्लेली, शाळेतून काढलेली, घाईने लग्न लावून दिलेली आणि शेवटी घर सोडून गेलेली मुले थोडी नाहीत. मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. एरवी कधी, कोणाला आणि कोणाच्या उपस्थितीत सांगावयाचे हे मुलाशी विचारविनिमय करून ठरवावे. आणि ज्या माता-पित्यांना हे कळले आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच: देवऋषी, भगत, आणि ‘बरे करून देतो’ म्हणणारा डॉक्टर, या तिघांच्याही दारी जाऊ नका. असे ‘उपचार’ करणे हे वैद्यकीय व्यावसायिकाचे गैरवर्तन आहे, असे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे. सल्ला हवाच असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक भेटतात, आणि मूल संकटात असेल तर मुलांसाठीचा मदतक्रमांक १०९८ आहे. मुंबईत २०१७ पासून ‘स्वीकार’ नावाचा पालकांचा एक गट आहे. आपल्यासारखेच दुसरे आई-बाप याच रस्त्याने गेले आहेत हे कळण्याचा धीर काही औरच असतो.

कागदपत्रांच्या बाबतीत थोडी दूरदृष्टी ठेवावी. २०१९ च्या कायद्यान्वये ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करता येतो, आणि अठरा वर्षांखालील मुलासाठी तो आई-वडिलांनी किंवा पालकाने करावयाचा असतो. अशा नियमांत वेळोवेळी फेरफार होत असल्याने अर्जापूर्वी चालू तरतूद जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे प्रत्यक्ष विचारून घ्यावी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नावात बदल विद्यार्थी शाळेत असेतोवर, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होतो. दाखला हाती पडल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर जुने नाव छापले गेल्यावर तोच बदल फार जिकिरीचा होतो. म्हणून कुटुंबाची संमती असेल आणि विद्यार्थ्याची स्वतःची इच्छा असेल तेथे नववीतच हालचाल करावी. इच्छा नसेल तेथे कोणीही आग्रह धरू नये. प्रमाणपत्र नाही म्हणून वर्गातली वागणूक बदलावयाची, असे कोठेही लिहिलेले नाही.

महाविद्यालयांविषयी थोडक्यात. ज्या शहरात डॉ. आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि वेशीबाहेर ठेवलेल्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि जेथील विद्यापीठाला त्यांचे नाव मिळावे म्हणून दीर्घ लढा होऊन १९९४ साली नामविस्तार झाला, तेथील महाविद्यालयांना शिक्षणाच्या दारापासून कोणाला परतविणे म्हणजे काय, हे नव्याने शिकविण्याची गरज नसावी. केरळच्या साक्षरता मिशनने ‘समन्वय’ या नावाने शाळा सुटलेल्या पारलिंगी व्यक्तींसाठी दहावी-बारावीच्या समकक्ष परीक्षांची सोय केली आहे. मराठवाड्यात कोणी असे वर्ग चालवू म्हटले तर दिवसा भरणाऱ्या शाळांच्या इमारती संध्याकाळनंतर रिकाम्याच असतात. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत शिष्यवृत्तीची तरतूद आहे. ती मिळण्यास ओळखीचे प्रमाणपत्र लागते, हे विद्यार्थी साहाय्यक कक्षाने प्रवेशाच्या वेळीच सांगावे. वसतिगृहाचा प्रश्न मात्र प्रवेशाच्या गर्दीत सुटत नाही, कारण तेव्हा अधीक्षक मुलांचे आणि मुलींचे अशा दोनच याद्या हाती घेऊन बसलेले असतात. म्हणून ज्याला स्वतंत्र खोली हवी आहे त्याने बारावीचा निकाल लागण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्येच, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि शुल्कमाफीची विचारणाही त्याच अर्जात करून ठेवावी.